गाडीचा भाव करताना एका डीलरचं कोटेशन दुसऱ्याला दाखवावं का?

चैत्रपालवी | १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशांचा आहे, पण फक्त पैशांचा नाही, म्हणून इथे विचारते.

आम्ही निगडीला राहतो. चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी घ्यायची आहे. मॉडेल, व्हेरिएंट, रंग सगळं ठरलंय. एक्स-शोरूम ९ लाख ४० हजार. एकाच कंपनीच्या तीन डीलरांकडून भाव घेतलेत. एक चिंचवडचा, एक सातारा रोडचा आणि एक कोल्हापूरचा (माहेर तिथलं).

चिंचवडच्या शोरूममधला मुलगा तीनदा गाडी घेऊन घरी आला. आईचे गुडघे दुखतात, तिला चढता-उतरता येतंय का ते बघायचं होतं. पहिल्या दिवशी तिला जमेना, तर दुसऱ्या दिवशी तो वरच्या व्हेरिएंटची, सीट वरखाली होणारी गाडी घेऊन आला. म्हणून तर व्हेरिएंट ठरलं. आता भाव बाकीचे दोघे कमी देतायत असं वाटतंय.

धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, सरळ सांगायचं की दुसरा ऐंशी हजार सोडतोय. सगळेच सांगतात, त्यांनाही माहीत असतं." मला ते तोंडातून निघेना. शाळेत शिकवते, खोटं बोलले की चेहऱ्यावर दिसतं.

तर तीन प्रश्न. एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवणं योग्य आहे का? नसलेला आकडा सांगणं खरंच इतकं चालतं का? आणि त्या मुलाच्या तीन फेऱ्यांचं मी काय देणं लागते?

---

तिसरा_गिअर | १० नोव्हेंबर, रात्री ९:५५

ताई, आधी तिन्ही कोटेशनांची फोड टाका. नुसती 'सूट किती' यावरून काहीच कळत नाही.

---

बाजीराव_रस्ता | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

तुमचे दीर बरोबर बोलतायत. समोरचा पहिल्या दिवशी सांगतो, "मॅडम, एक रुपया कमी होणार नाही", आणि तिसऱ्या दिवशी पंधरा हजार सोडतो. म्हणजे पहिल्या दिवशी तो खरं बोलला का? भाव करणं हा दोघांना मान्य असलेला खेळ आहे, मंडईत भाजी घेताना आपण हेच करतो. भीड ही भिकेची बहीण, ताई. आणि टेस्ट ड्राईव्ह देणं हे त्याचं काम आहे, त्याचा त्याला पगार मिळतो.

---

माजी_शोरूमवाला | १० नोव्हेंबर, रात्री ११:०५

नाशिकला नऊ वर्षं गाड्या विकल्या, आधी सेल्समन आणि मग टीम लीडर. आता धंदा वेगळा आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

नसलेला आकडा आम्हाला लगेच कळायचा. त्या महिन्याची कंपनीची स्कीम त्या भागातल्या सगळ्या डीलरांना सारखीच असते. ग्राहक सूट, एक्स्चेंज बोनस, नोकरदारांची कॉर्पोरेट सूट, हे सगळं कंपनीच्या पत्रकात छापलेलं असतं. त्यावर डीलर स्वतःच्या खिशातून जे घालतो तेवढंच खरं घासाघिशीचं. साध्या गाड्यांवर डीलरचं मार्जिन एक्स-शोरूमच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर, आणि त्यातून शोरूमचं भाडं, पगार, उभ्या गाड्यांवरचं व्याज जातं. अशा गाडीवर कोणी "दुसरा ऐंशी हजार सोडतोय" म्हणाला की आमचे मॅनेजर हसून म्हणायचे, "साहेब, मग तिथूनच घ्या, आम्हीपण चार गाड्या घेतो." आणि त्या ग्राहकाचा पुढचा खरा आकडासुद्धा कोणी खरा धरायचं नाही. नीतीचं बाजूला ठेवा, त्यात तोटाच आहे.

कागद दाखवण्यात मात्र मला गैर वाटत नाही. कोटेशन तुमच्या नावाने दिलेलं असतं, ते तुमचं आहे. फक्त पूर्ण दाखवा. एका कोपऱ्यातली सूट दाखवायची आणि खालचा विमा अंगठ्याने झाकायचा, असे लोक मी पाहिलेत.

कधीकधी सेल्समन सूट कागदावर लिहायला कचरतो, तोंडी सांगतो. त्यामागेही कारण असतं. २३ ऑगस्ट २०२१ ला स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला, तो याच गोष्टीवरून. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला कंपनी दंड करते, आणि खोटे ग्राहक पाठवून ते तपासते, असं आयोगाने निकालात म्हटलं. प्रकरण सुरू झालं ते २०१७ मध्ये आलेल्या एका निनावी ईमेलवरून, आणि त्यात तक्रार आपल्या पुण्यातल्या डीलरांच्या बाबतीतली होती. दंड नुसता डीलरला नाही, तर सेल्समन आणि टीम लीडरलाही वैयक्तिक लागायचा. कंपनीने पुढे अपील केलं. पण ग्राहकाच्या वेशात तपासनीस येईल ही धास्ती काय असते ते त्या खुर्चीवर बसलेल्यालाच कळतं. तेव्हा समोरचा लिहून देत नाही म्हणजे तो लबाडच, असं धरू नका. "व्हॉट्सअॅपवर फोड पाठवा" म्हणा, बहुतेक जण पाठवतात.

---

चैत्रपालवी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

माजी_शोरूमवाला, मनापासून आभार. ही घ्या फोड. एक्स-शोरूम आणि रोड टॅक्स तिघांचा सारखाच, म्हणून फक्त वेगळे आकडे लिहिते.

चिंचवड: सूट ३५,०००. विमा ४८,०००. अॅक्सेसरीज किट १८,०००. हॅन्डलिंग ६,५००.

सातारा रोड: सूट २०,०००. विमा ३४,५००. बाकी काही नाही.

कोल्हापूर: सूट ३०,०००. विमा ४१,०००. मॅट आणि मडफ्लॅप ५,०००.

---

वहीखाते | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ताई, बेरीज करून बघा. एक्स-शोरूम आणि टॅक्सच्या वर चिंचवडला तुम्ही ३७,५०० देताय, कोल्हापूरला १६,००० आणि सातारा रोडला १४,५००. ज्याने सगळ्यात जास्त सूट सांगितली तोच २३ हजारांनी महाग पडतोय. सीए म्हणून लोकांचे हिशेब तपासतो, तिथेही हेच दिसतं. आपलं लक्ष मोठ्या अक्षरातल्या आकड्यावर असतं आणि पैसे खालच्या ओळींतून जातात.

आता ओळीवार.

रोड टॅक्स सरकारी आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के. तुमचा १,०३,४०० होतो. त्यात घासाघीस नाही.

हॅन्डलिंग (कुठे लॉजिस्टिक म्हणतात) हा सरकारी आकार नाही. पावतीवर कशाचे पैसे ते लिहून मागा, बहुतेक वेळा ती ओळच जाते. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना सुरक्षा नंबर प्लेट गाडीबरोबरच द्यायची असते. किट ऐच्छिक असतं.

विमा हा खरा मुद्दा. डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो, तो भाग सगळ्यांचा सारखा. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि झिरो डेपसारख्या (क्लेम देताना सुट्या भागांचा घसारा न कापण्याच्या) जोडण्यांमध्ये. तिन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा धरलेली किंमत, किती लिहिली आहे? नव्या गाडीला एक्स-शोरूममधून पाच टक्के वजा, म्हणजे तुमची ८,९३,००० यायला हवी. ती कमी लिहिली तर हप्ता स्वस्त दिसतो आणि गाडी चोरीला गेली की कळतं.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त लोक विसरतात ते: जुनी गाडी होती का? क्लेम न करता किती वर्षं झाली?

दहा लाखांच्या वर गाडी घेणाऱ्यांसाठी: डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच भरला जाणारा आयकर, वर घेतो. तो खर्च नाही. पॅन बरोबर लिहून घ्या आणि रिटर्नमध्ये परत मिळवा.

---

चैत्रपालवी | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

मधल्या सुट्टीत वाचलं आणि चहा थंड झाला. तेवीस हजार! सातारा रोडचा विमा झिरो डेपशिवाय तर नाही ना, ते आता विचारते.

जुनी गाडी गेल्या महिन्यात विकली, नावावरूनही गेली. सहा वर्षांत एकही क्लेम नाही.

---

वहीखाते | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

मग तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्के आहे. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागवा, तीन वर्षांपर्यंत चालतं. नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट मिळेल, कुणाहीकडून घ्या. तिघांपैकी कोणी याबद्दल विचारलं का तुम्हाला?

---

चैत्रपालवी | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:१४

कोणीच नाही.

---

जर्सीतला_मावळा | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

न्यू जर्सीहून. इथे मी तीनही गाड्या एकाच पद्धतीने घेतल्या. चार-पाच डीलरांना एकच ईमेल: हे मॉडेल, हा ट्रिम, सगळं धरून दारातून बाहेर पडतानाचा आकडा काय? मग सगळ्यात कमीवाल्याचा आकडा बाकीच्यांना एकदाच कळवायचा, डीलरचं नाव न घेता. आकडा खरा, आणि फेरी एकच. इथे गाडीच्या काचेवर कंपनीची छापील किंमत चिकटवणं १९५८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे, तरी खाली 'डॉक्युमेंट फी' वगैरे ओळी येतातच. मधल्या काळात सॅटर्न नावाच्या कंपनीने घासाघीसच नको म्हणून एकच भाव ठेवून पाहिला होता, लोकांना आवडलाही. पण ती कंपनीच २०१० मध्ये बंद झाली.

पहिली गाडी घेताना बाबा आले होते इथे. त्यांनी सेल्समनला मराठीत "जरा कमी करा की हो" म्हटलं, आणि त्याने खरंच फ्लोअर मॅट फुकट दिले.

---

अबोली | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

बाबांचा किस्सा फार गोड!

पण मला तिसऱ्या प्रश्नावर बोलायचंय. बाजीराव_रस्ता, "त्याला पगार मिळतो" हे इतकं सोपं नाही. माझा भाऊ सोलापूरला हेच काम करतो. पगार जेमतेम, खरी कमाई इन्सेन्टिव्हची, आणि ती गाडीची डिलिव्हरी झाली तरच. उन्हात तीन चकरा मारल्या आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर हातात शून्य. त्याहून त्याला लागतं ते वेगळंच. लोक फोन उचलायचे बंद होतात. "घेतली दादा दुसरीकडे, सॉरी" एवढं सांगितलं तरी तो त्यांची फाईल बंद करून पुढच्या माणसाकडे वळू शकतो. नाहीतर पंधरा दिवस टीम लीडर त्याला विचारत राहतो, त्या पार्टीचं काय झालं.

चैत्रपालवी, त्या मुलाने तुमच्या आईंसाठी दुसरी गाडी आणली. मी असते तर त्याला स्पष्ट सांगितलं असतं की तुझा पहिला हक्क. पण तेवीस हजार जास्त देऊन नाही.

---

बाजीराव_रस्ता | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४०

अबोली, फोन उचलण्याबद्दल मान्य. ते मीही चुकवलंय पूर्वी, यापुढे नाही. पण पहिला हक्क कशाला? त्याच मुलाने (किंवा त्याच्या मॅनेजरने) ताईंना १८ हजारांचं किट आणि फुगवलेला विमा दिलाच ना? कष्ट खरे आणि फसवणूकही खरी.

---

माजी_शोरूमवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

दोघंही खरं बोलताय. पण कोटेशन तो मुलगा बनवत नाही. वरून छापील साचा येतो, त्यात किट आधीच भरलेलं असतं. ते काढायचा अधिकार मॅनेजरचा. त्यामुळे त्या मुलाशी वाद घालून काही होत नाही, त्यालाच सोबत घेऊन मॅनेजरसमोर बसा. "हा आकडा झाला तर आज टोकन देते" हे वाक्य खरं असेल तरच बोला, कारण ते ऐकल्यावर मॅनेजर खरंच कॅल्क्युलेटर काढतो. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत तर नक्कीच, टार्गेटला दोन गाड्या कमी असतील तर तो त्या गाडीवर काही न मिळवताही सोडतो.

---

अण्णा_सांगलीकर | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

आमच्याकडं पितृपक्षात भाव चांगला होतो. शोरूममध्ये चिटपाखरू नसतं, मॅनेजर स्वतः चहा सांगतो. बुकिंग पितृपक्षात करायचं, डिलिव्हरी घटस्थापनेला घ्यायची. मी बारा वर्षांत दोन गाड्या अशाच घेतल्या.

यंदा (२०२५ ला) तर गंमतच झाली. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी पैसे भरायला गेलो होतो. सेल्समन पोरगं म्हणालं, "अण्णा, जीएसटी कमी होणार असं बोलतायत. नक्की माहीत नाही, पण तुम्ही टोकन देऊन थांबा, बिल आत्ता करू नका." त्याच आठवड्यात ३ तारखेला जाहीर झालं. छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर होता, तो २२ सप्टेंबरपासून सरळ १८ टक्के. आणि २२ ला घटस्थापना! पोरानं मनात आणलं असतं तर १ तारखेलाच बिल फाडून आपलं टार्गेट मोकळं केलं असतं. दसऱ्याला त्याच्या घरी सोनं द्यायला गेलो आम्ही सगळे.

कोल्हापूरहून घेणार असाल तर वेगळं पासिंग करायचं का, तात्पुरती नोंदणी कशी, हे आधी लेखी विचारा. चौदा नंबर पाहिजे का नऊ, घरात त्यावरनं भांडण होईल ते वेगळंच.

---

नवशिक्या | १२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

थोडं विषयांतर. मला डिसेंबरमध्ये घ्यायची आहे. 'वर्षअखेरीची मोठी सूट' खरी असते का?

---

माजी_शोरूमवाला | १२ नोव्हेंबर, दुपारी २:००

खरी असते, पण कशावर ते बघा. मार्चमध्ये बनलेली आणि आठ महिने यार्डात उन्हापावसात उभी असलेली गाडी असेल तर सूट मिळायलाच हवी. टायर, बॅटरी नीट तपासून घ्या. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावं लागतं. बुकिंगच्या आधी चासी नंबर मागा आणि गाडी स्वतः जाऊन बघा. दहा वर्षं वापरणार असाल तर जुन्या वर्षाची गाडी उत्तम सौदा. चार वर्षांत विकणार असाल तर विकताना ते एक वर्ष भरून द्यावं लागतं.

---

रानभूल | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

माझा एक वाईट अनुभव, शोरूमचं नाव नको. आकडा ठरला, हात मिळवला, अकरा हजार टोकन दिलं. दीड महिन्याने डिलिव्हरीच्या वेळी किंमत बारा हजारांनी वाढलेली. मी भांडलो, तर त्यांनी माझ्या सहीचा बुकिंग फॉर्म पुढे केला. बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू राहील'. सही माझीच. कंपनीने भाव वाढवला तर एक्स-शोरूम वाढणार हे समजू शकतो, पण डीलरने कबूल केलेली सूटसुद्धा 'गेल्या महिन्याची स्कीम' म्हणून काढून घेतली होती. तेव्हापासून मी पावतीवर पेनाने लिहून घेतो: डीलरची सूट इतकी, भाव वाढला तरी कायम, रद्द केल्यास टोकन परत. मॅनेजरची सही आणि शिक्का. जो हे लिहून देतो त्याला मी दोन हजार जास्त द्यायला तयार असतो.

---

तिसरा_गिअर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४१

रानभूल, हे पेनाने लिहून घेणं उचलतो आहे.

---

बाजीराव_रस्ता | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

या धाग्यावरून घरी चर्चा झाली. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही शोरूममध्ये खोटा आकडा सांगितलात तेव्हा मी शेजारीच बसलो होतो." तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. माझं अजूनही म्हणणं आहे की पडता भाव मागण्यात पाप नाही. तीस हजार मागायचे असतील तर तीस मागा, चाळीस मागा. पण "दुसरा देतोय" असं नसताना म्हणायचं नाही, एवढं मी मागे घेतो.

---

चैत्रपालवी | २९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मंडळी, गाडी आली! उशिरा लिहितेय, परीक्षेचे पेपर होते.

तुमचं सगळं वाचून मी तिघांना एकच निरोप पाठवला. जसाच्या तसा देते, कुणाला उपयोग होईल:

"मी तीन ठिकाणी भाव घेतला आहे. माझं व्हेरिएंट, रंग आणि विम्याच्या अटी (आयडीव्ही ८,९३,०००, झिरो डेप, नो क्लेम बोनस ५० टक्के) तिघांना सारख्याच कळवत आहे. किट आणि हॅन्डलिंग नको. विमा तुमच्याकडून घेतला तर किती आणि बाहेरून घेतला तर सूट किती, असे दोन आकडे द्या. मी एकदाच विचारणार आहे, परत फिरवून घासाघीस करणार नाही. चिंचवडच्या शोरूमने टेस्ट ड्राईव्हसाठी बरीच मेहनत घेतली आहे. त्यांचा आकडा सर्वांत कमी आकड्यापेक्षा दोन हजारांपर्यंत जास्त असेल तरी गाडी त्यांच्याकडून घेईन. हे आधीच सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. शनिवारी निर्णय कळवते."

दीर म्हणाले, "वहिनी, सगळे पत्ते उघडे टाकलेत." मलाही रात्री धाकधूक होतीच. सातारा रोडच्या पहिल्या विम्यात झिरो डेप नव्हता, तेही तेव्हाच कळलं.

शुक्रवारी आकडे आले. विमा त्यांचा धरून, सूट वजा जाता, सातारा रोड ६,०००, चिंचवड ७,५००, कोल्हापूर ९,०००. बाहेरून विमा २७,८०० ला मिळत होता, चिंचवडच्या २९,५०० पेक्षा स्वस्त. पण तो बाहेरून घेतला तर चिंचवडवाले २२ हजारांची सूट ८ हजारांवर आणत होते, म्हणजे एकूण महागच. वहीखाते, दोन आकडे मागितले नसते तर मी नक्की बाहेरून घेऊन आनंदात राहिले असते.

चिंचवडला ३७,५०० वरून ७,५०० वर आलं. दीड हजाराचा फरक, म्हणजे शब्द दिल्याप्रमाणे तिथेच घेतली. रानभूल म्हणाले तसं सगळं पावतीवर लिहून, शिक्का मारून घेतलं. मॅनेजर जरा कुरकुरले, पण सही केली.

शनिवारी सकाळी बाकी दोघांना फोन केले. कोल्हापूरच्या दादांनी "बरं ताई" म्हणून ठेवला. सातारा रोडच्या बाई मात्र थोडा वेळ बोलल्या. म्हणाल्या, "दोन हजारांचं तुम्ही आधी सांगितलंत म्हणून राग नाही. आम्ही आठ हजारांपर्यंतच येणार होतो, पण तुमचा निरोप वाचून शेवटचाच आकडा दिला." बहिणीला पुढच्या वर्षी गाडी घ्यायची आहे, तिला त्यांचाच नंबर दिलाय.

डिलिव्हरीला आईला घेऊन गेलो. त्या मुलाने तिच्या बाजूचं दार उघडून सीट आधीच खाली करून ठेवली होती.

---

अबोली | २९ नोव्हेंबर, रात्री ९:२६

अभिनंदन! भावाला हा धागा पाठवलाय. आता पेढे कुठे आहेत ते सांगा.

---

अण्णा_सांगलीकर | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:१०

अभिनंदन ताई. पहिल्या हजार किलोमीटरला गाडी जास्त ताणू नका, आणि आईंना घेऊन एकदा नरसोबाच्या वाडीला या. येताना सांगलीला आमच्याकडं जेवायलाच थांबायचं.

---

नवशिक्या | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:४५

तो निरोप उतरवून घेतलाय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार ठिकाणी पाठवतो आणि इथेच आकडे टाकतो.